परिचर्येतून व्यवस्थापनाकडे जाताना : सेवासुरक्षेचा प्रश्न

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत परिचर्या विभागाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत परिचर्या विभाग आपल्या कामाचा आढावा सादर करतो. किती खाटा, किती रुग्ण, किती प्रशिक्षणवर्ग, ही माहिती यंदाही अहवालातील तक्त्यांत दिली आहे, ती आपण सवडीने पाहावी. अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने आज आम्ही एका वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. हा विषय एरवी बंद दाराआड, आस्थापना विभागाच्या टेबलाशी बोलला जातो. एखादी परिचारिका वॉर्ड सोडून कार्यालयातील खुर्चीवर बसते, तेव्हा तिच्या स्वतःच्या नोकरीचे काय होते, हा तो विषय.

देणगीदारांनी आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी हे का ऐकावे, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर साधे आहे. आपल्या रुग्णालयात दोन जागा रिकाम्या आहेत. एक गुणवत्ता विभागातील आणि दुसरी विमा कक्षातील. दोन्ही जागांसाठी वॉर्डातील अनुभवी सिस्टर हव्या आहेत. दोनदा अंतर्गत सूचना लावली. ज्यांनी अर्ज करावा असे आम्हांला मनापासून वाटत होते, त्यांपैकी एकीनेही केला नाही. कारण विचारले तेव्हा एका ज्येष्ठ इनचार्ज सिस्टरने जे सांगितले ते आम्ही त्यांच्याच शब्दांत ठेवतो : "आज वॉर्डात मी कायम आहे. उद्या तिकडे बसले आणि परवा ती खुर्ची काढून घेतली, तर मी कुणाची?" या प्रश्नाला देण्यासारखे लेखी उत्तर आमच्यापाशी नव्हते.

आपल्या घरच्या माणसाला घरी नेण्याच्या दिवशी, डॉक्टरांनी सकाळी नऊला 'आज सोडतो' असे सांगितल्यावर प्रत्यक्ष निघेपर्यंत संध्याकाळ होते, हा अनुभव या सभागृहातील बहुतेकांनी घेतला असेल. उरलेली औषधे परत करायची, तपासण्यांची बिले चढवायची, केसपेपर पूर्ण करायचे, विमा कंपनीची मंजुरी मागवायची. ही सगळी कामे एकामागून एक होतात आणि प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवते. हे काम जिथे वॉर्ड पाहिलेल्या बाईच्या हाती असते तिथे ते आदल्या रात्रीच सुरू होते. कारण कोण उद्या घरी जाणार, हे रात्रपाळीच्या सिस्टरला डॉक्टरांच्या आधी कळलेले असते. विमा कक्षातही तसेच. रुग्णाला मधुमेह कधीपासून आहे, याची नोंद केसपेपरवर घाईघाईत चुकीची पडली तर मागणी नामंजूर होते आणि घरच्यांना दागिना गहाण ठेवावा लागतो. कारकून ती नोंद जशीच्या तशी पुढे पाठवतो. सिस्टर मात्र थांबते, वॉर्डात जाते, आजीबाईंच्या सुनेला विचारते आणि डॉक्टरांकडून नोंद दुरुस्त करून घेते. या कामाला व्यवस्थापन म्हणावे की शुश्रूषा, हे आम्हांला अजून नीट ठरवता आलेले नाही.

परिचारिकेला कार्यालयात बोलावण्याची ही गरज फार जुनी नाही. पूर्वी मेट्रन असत, त्या कडक असत, आणि त्यांचे राज्य वॉर्डाच्या दारापर्यंतच असे. २००१ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने टीपीए संस्थांविषयीचे नियम काढले आणि रोख पैसे न भरता उपचार घेण्याची सोय हळूहळू उपनगरांतील रुग्णालयांपर्यंत पोहोचली. त्यासाठी केसपेपर वाचता येणारे कुणीतरी कक्षात बसवावे लागले. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना घालून दिली. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. तिची अंमलबजावणी कागदावर आणि माणसांत अशी दोन्हीकडे करावी लागते. २००५ मध्ये स्थापन झालेल्या एनएबीएच या मान्यता मंडळाने जंतुसंसर्गापासून औषधांच्या चुकांपर्यंत सगळ्यांची मोजदाद मागायला सुरुवात केली. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. या प्रत्येक टप्प्यावर रुग्णालयांनी वॉर्डाकडे पाहिले आणि एखाद्या हुशार सिस्टरला हाक मारली.

आणि खरे सांगायचे तर त्याही आधी, संकटाच्या दिवशी, रुग्णालय सिस्टरच चालवीत आल्या आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. गाड्या बंद, रस्ते पाण्याखाली, पुढच्या पाळीचे कुणी येण्याची शक्यता नाही. त्या रात्री आमच्यातील ज्या ड्यूटीवर होत्या त्यांनी जनरेटरचे डिझेल किती तास पुरेल याचा हिशेब केला, स्वयंपाकघरातील तांदूळ-डाळ मोजली, रुग्णांच्या नातेवाइकांनाही त्याच पंगतीत बसवले आणि दोन दिवस कुणी घरी गेले नाही. त्या कामाला त्या वेळी पदनाम नव्हते. पदनाम नव्हते म्हणून ते काढून घेण्याची भीतीही नव्हती.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव दरवर्षी १२ मे रोजी आपण घेतो आणि हातातल्या दिव्याचे चित्र लावतो. वास्तविक त्यांचे मोठे काम दिव्यापेक्षा वह्यांचे होते. मृत्यूंची आकडेवारी मांडून त्यांनी सैन्याची रुग्णालये बदलायला लावली, आणि १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. परिचर्येतून व्यवस्थापनाकडे गेलेल्या त्या आमच्या आद्य पूर्वज म्हणायला हरकत नाही. मात्र एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्यांच्या वडिलांनी त्यांना वर्षाला पाचशे पौंडांची नेमणूक करून दिली होती. खुर्ची गेली असती तरी चूल विझणार नव्हती. आमच्या सिस्टरांच्या वडिलांना अशी सोय करता आलेली नाही.

येथे आमच्यापैकी एकीचा अनुभव सांगणे प्राप्त आहे. त्या आज सभागृहात आहेत. नाव घेऊ नये अशी त्यांची इच्छा आहे, आणि ज्या रुग्णालयात हे घडले त्याचेही नाव आम्ही घेणार नाही. पश्चिम उपनगरातील एका रुग्णालयात त्यांनी सोळा वर्षे काम केले, शेवटची पाच इनचार्ज सिस्टर म्हणून. तेथे विमा कक्षाचे उपव्यवस्थापकपद त्यांना देऊ करण्यात आले. पगार वाढणार होता, रात्रपाळी सुटणार होती, मुलगी दहावीला होती. अट एकच. परिचारिकापदाचा राजीनामा द्यायचा आणि एक वर्षाच्या कराराचे नवे नेमणूकपत्र घ्यायचे. "ही केवळ औपचारिकता आहे" असे त्यांना सांगितले गेले, आणि त्यांनी सही केली. दोनदा करार वाढला. तिसऱ्या वर्षी तो कक्ष बाहेरच्या एजन्सीकडे सोपवण्यात आला आणि त्यांना दोन ओळींचे पत्र मिळाले. वॉर्डात परत घ्या म्हणाल्या, तर उत्तर आले की राजीनामा तुमचा आहे, जागा भरली आहे, हवे तर नव्याने अर्ज करा. कामगार कायद्याच्या सल्लागारांकडे गेल्या. त्यांनी विचारले, इतरांच्या रजा तुम्ही मंजूर करीत होता काय? होय म्हणाल्या. मग तुम्ही कामगार नाही, असे त्यांना ऐकावे लागले.

त्यानंतर वर्षभर त्यांनी बोरिवलीतील एका लहान नर्सिंग होममध्ये रात्रपाळी केली, वेतनश्रेणीच्या अगदी पहिल्या पायरीवर, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. पहिल्या रात्री सलाइनचे सेट कुठल्या कपाटात असतात हे त्यांना बावीस वर्षांच्या मुलीला विचारावे लागले. त्या मुलीने प्रेमाने सांगितले, पण ते विचारणे त्या अजून विसरलेल्या नाहीत. पुढे त्या आपल्याकडे आल्या. गुणवत्ता विभागाच्या रिकाम्या जागेसाठी त्यांच्याइतकी योग्य व्यक्ती आपल्याकडे दुसरी नाही. आम्ही त्यांना विचारले. त्यांनी नम्रपणे नकार दिला.

सल्लागारांनी त्यांना जे सांगितले त्यामागचा कायदा थोडक्यात मांडतो. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ने 'कामगार' या शब्दाची व्याख्या केली होती. त्या व्याख्येत बसणाऱ्याला नोटीस, नुकसानभरपाई, कामगार न्यायालय अशी संरक्षणे मिळत. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय स्वरूपाचे काम करणारा माणूस, पगार कितीही असो, व्याख्येबाहेर होता. पर्यवेक्षकीय काम करणारा ठरावीक पगारापर्यंत आत राही. ही मर्यादा १९५६ च्या दुरुस्तीने पाचशे रुपये होती, १९८४ पासून सोळाशे झाली, २०१० मध्ये दहा हजार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली आणि मर्यादा अठरा हजार झाली. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या लहानशा रुग्णालयातही परिचारिकेला किमान वीस हजार रुपये मिळावेत, अशी शिफारस केली होती. म्हणजे ज्या दिवशी एखाद्या सिस्टरचे काम खरोखर पर्यवेक्षणाचे ठरते, त्या दिवशी न्याय्य पगार घेणारी ती बाई संरक्षणाच्या भिंतीबाहेर गेलेलीच असते. बढतीचे पेढे आणि हे नुकसान एकाच दिवशी येतात. पेढे सगळ्यांना दिसतात.

येथे एक दिलासा आहे तो सांगितला पाहिजे. केवळ पदनामावरून कुणी व्यवस्थापक ठरत नाही, मुख्य आणि मूळ काम काय होते ते पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. मुंबईच्या सीबा-गायगी कंपनीच्या प्रकरणात १९८५ मध्ये, बढती मिळून हाताखाली थोडी माणसे आलेल्या एका कर्मचाऱ्याला न्यायालयाने कामगारच मानले, कारण त्याचे प्रमुख काम कारकुनीचेच राहिले होते. त्या माणसाची नोकरी संपुष्टात आली होती १९७२ मध्ये. निकालाची तारीख आणि ही तारीख यांतील अंतर आपण मनात मोजावे. तेरा वर्षे वकिलाची फी भरू शकेल अशी परिचारिका आम्हांला भेटलेली नाही.

धर्मादाय रुग्णालयांपुरता आणखी एक प्रश्न आहे, आणि त्याची कथा मुंबईतच सुरू होते. जे. जे. रुग्णसमूहातील दोन वॉर्ड सेविकांना सरकारने कामावरून कमी केले आणि त्यांच्या जागी नागरी पुरवठा खात्यातून कमी केलेली माणसे घेतली. नोटीस दिली, पण नुकसानभरपाई दिली नाही. हॉस्पिटल मजदूर सभेने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. १९६० मध्ये न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला, की रुग्णालय हाही 'उद्योग' आहे आणि त्या स्त्रियांना कायद्याचे संरक्षण आहे. दोन वॉर्ड सेविकांच्या नोकरीने देशभरातील रुग्णालय कर्मचाऱ्यांसाठी दार उघडले. ते दार १९७० मध्ये दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाच्या निकालाने लोटले गेले. १९७५ मध्ये आपल्या सोलापूरच्या धनराजगिरजी रुग्णालयाच्या प्रकरणातही, तेथे मुख्यतः परिचारिकांचे प्रशिक्षण चालते म्हणून, तो उद्योग नव्हे असे ठरले. १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रसिद्ध निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुन्हा सताड उघडले. नंतर १९८२ मध्ये संसदेने रुग्णालयांना वगळणारी दुरुस्ती संमत केली, पण तो भाग कधी अंमलात आणला गेला नाही.

आता नव्या संहितेने 'उद्योग' या शब्दाची जी व्याख्या केली आहे तिच्यातून, पूर्णतः किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक अथवा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था वगळल्या आहेत. फी आकारणारे आणि निर्धनांवर विनामूल्य उपचारही करणारे आपल्यासारखे विश्वस्त रुग्णालय या वाक्यात किती बसते, हे न्यायालये ठरवतील तेव्हा ठरवतील. परंतु आमच्या वॉर्डातील सिस्टरने हा मजकूर वाचून जो प्रश्न केला तो टाळता येणार नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही चांगले काम करता म्हणून माझे संरक्षण कमी?" संस्थेच्या दानशीलतेची किंमत तिच्या कर्मचाऱ्यांनी मोजावी, असे या सभागृहातील एकाही देणगीदाराला वाटत नसेल, याची आम्हांला खात्री आहे. कायदा जे देणे सोडून देतो ते देण्यापासून तो विश्वस्तांना अडवत मात्र नाही. ज्याला आपल्या सेवानियमांत लिहायचे आहे त्याला ते आजही लिहिता येते.

लिहायचे काय, याचा नमुना शोधायला दूर जावे लागत नाही. शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी पायऱ्यांची वाट आहे. ती वाट संथ आहे. पुष्कळजणी परिसेविका म्हणूनच निवृत्त होतात. पण महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९८१ च्या नियमांत 'धारणाधिकार' नावाची एक गोष्ट आहे. कायम कर्मचारी दुसऱ्या पदावर गेला तरी मूळ पदावरचा त्याचा हक्क, नव्या पदावर तो कायम होईपर्यंत, जिवंत राहतो. हा शब्द उच्चारायला अवघड आहे. वॉर्डात आम्ही त्याचा अर्थ असा सांगितला, की माहेरची खोली मोकळी ठेवलेली आहे.

राजीनामा आणि बदली यांत पैशाचाही फरक आहे, आणि तो अनेकींना सही केल्यानंतर कळतो. ग्रॅच्युइटी म्हणजे उपदान. शेवटच्या पगाराचे पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे सव्वीस दिवस धरून, सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी. कामगार असो वा व्यवस्थापक, हा हक्क दोघांनाही आहे. उदाहरणादाखल असे समजू, की एका सिस्टरने अठरा वर्षांनंतर बत्तीस हजार मूळ वेतनावर राजीनामा दिला आणि त्याच संस्थेत नव्या नेमणुकीवर दहा वर्षे व्यवस्थापनात काढून पंचावन्न हजारांवर निवृत्त झाली. पहिल्या सेवेचे उपदान सुमारे ३ लाख ३२ हजार, दुसऱ्याचे सुमारे ३ लाख १७ हजार. एकूण साडेसहा लाखांच्या आसपास. तीच सेवा अखंड धरली असती तर अठ्ठावीस वर्षांचे उपदान शेवटच्या पगारावर मोजले गेले असते आणि ते ८ लाख ८८ हजारांवर गेले असते. पहिली रक्कम दहा वर्षे आधी हाती येते आणि तिच्यावर व्याज मिळते, हे खरे. तरीही जवळजवळ दोन लाख चाळीस हजारांचा फरक 'केवळ औपचारिकता' या दोन शब्दांत दडलेला असतो.

आता आमची मागणी. व्यवस्थापनात जाणाऱ्या परिचारिकेकडून राजीनामा घेऊ नये; बदलीचा आदेश द्यावा आणि सेवा अखंड मानावी. पहिली दोन वर्षे परिचर्या विभागातील पदावर तिचा धारणाधिकार राहावा. त्या काळात तिला स्वतःहून परतता यावे आणि व्यवस्थापनालाही तिला परत पाठवता यावे. दोन वर्षांनंतरही, तिचे खाते बंद झाले किंवा बाहेरच्या एजन्सीकडे गेले, तर मूळ वेतन न घटवता तिला परिचर्या विभागात सामावून घ्यावे. व्यवस्थापनाचा भत्ता अशा वेळी जाईल, ते आम्हांला मान्य आहे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील तिच्या नोंदणीचे नूतनीकरण आणि त्यासाठी लागणारे निरंतर शिक्षण यांचा खर्च रुग्णालयाने करावा, आणि महिन्यातून चार पाळ्या तिने वॉर्डात कराव्यात. ही चार पाळ्यांची अट आमच्यातल्याच काहींना जाचक वाटली. पण २०२० मध्ये कोविडच्या साथीत कार्यालयांतून परत बोलावलेल्या आमच्यापैकी ज्यांचा हात सुटला होता त्यांना पीपीई पोशाखात, धुक्याने भरलेल्या चष्म्यातून शीर शोधताना काय वाटले, ते आम्हांला आठवते. परत येण्याचा हक्क मागायचा असेल तर परत येण्यासारखे राहिलेही पाहिजे.

या मागणीवर विश्वस्तांनी आमच्याशी मोकळेपणाने चर्चा केली. काही शंका विचारल्या, त्यांपैकी दोन येथे सांगतो. पहिली अशी, की असे संरक्षण दिले तर अकार्यक्षम व्यवस्थापक हलवणार कसा? आमचा अनुभव नेमका उलट आहे. परतीची वाट नसते तेव्हा कुणी कुणाला खरे सांगत नाही. वरिष्ठ दयेपोटी गप्प राहतात आणि ती बाई भीतीपोटी. 'हे काम तुम्हांला मानवत नाही, पुढच्या महिन्यापासून वॉर्डात या' असे एखाद्या सिस्टरला तिचा संसार न मोडता सांगता येणे, ही व्यवस्थापनाचीही मोठी सोय आहे.

दुसरी शंका अधिक अवघड होती. तिला जागा राखून ठेवायची, तर तिच्या जागी येणारी मुलगी दोन वर्षे हंगामी राहणार. एकीची सुरक्षा दुसरीच्या असुरक्षेवर उभी करायची काय? हा प्रश्न विचारणाऱ्या विश्वस्तांचे आम्ही आभार मानतो, कारण आमच्या मसुद्यात त्याचा विचार राहून गेला होता. आता मसुद्यात असे घातले आहे, की बदली जागेवर येणाऱ्या परिचारिकेला तिची स्थिती नेमणूकपत्रातच स्पष्ट सांगावी आणि विभागात पहिली कायम जागा रिकामी होताच ती तिला द्यावी. परदेशी जाणाऱ्या, लग्नानंतर गाव बदलणाऱ्या, सरकारी नोकरी मिळून निघून जाणाऱ्या मुलींमुळे अशी जागा वर्षाच्या आत निघतेच, हे आस्थापना विभाग सांगेल. तरीही काही महिने एखादी मुलगी टांगती राहील. त्यावर पूर्ण तोडगा आम्हांला सापडलेला नाही.

वॉर्डातील सिस्टरांचा स्वतःचा एक आक्षेप आहे, तोही नोंदवतो. तुम्ही चांगल्या चांगल्या सिस्टरांना वर नेता आणि खाली आम्ही उरतो, असे त्या म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे आहे. महिन्यातील चार पाळ्या हे त्याचे अर्धेमुर्धे उत्तर आहे. दुसरे अर्धे विश्वस्तांच्या हाती आहे. वॉर्डातच राहून ज्येष्ठ होणाऱ्या सिस्टरला, ती कार्यालयात गेली नाही म्हणून, पगारात मागे ठेवू नये. त्याविषयी पुढील वर्षी स्वतंत्र टिपण सादर करू.

देणगीदारांकडे आज आमची विशेष मागणी नाही. आपण खाटा दिल्या, डायलिसिसची यंत्रे दिली, त्यांवर आपल्या आई-वडिलांची नावे आहेत आणि रुग्ण ती वाचतात. परिचर्या परिषदेच्या नूतनीकरणाच्या फीवर पाटी लावता येत नाही, याची आम्हांला जाणीव आहे. तरी प्रशिक्षणासाठी कुणाला काही द्यावेसे वाटल्यास, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील रुग्णालय प्रशासनाच्या अभ्यासक्रमासारख्या शिक्षणाला एखादी सिस्टर पाठवता येईल. ती परत आली की तिचे पद तिची वाट पाहत असेल, असे आज आम्ही म्हणू इच्छितो. म्हणता येईल की नाही ते ठरावावर अवलंबून आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांना एक गोष्ट सांगून थांबतो. विमा कक्षात किंवा चौकशीच्या खिडकीशी आपण आम्हांला सवयीने 'सिस्टर' म्हणून हाक मारता आणि मग दारावरची पाटी पाहून 'सॉरी, मॅडम' म्हणता. कृपया सॉरी म्हणू नका.

ठरावाचा सुधारित मसुदा अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला आहे. तो आजच्या कार्यक्रमपत्रिकेत अखेरच्या विषयात घेतला जाईल. ज्यांना गुणवत्ता विभागाची जागा देऊ केली होती त्यांना त्याची प्रत आज सकाळी दिली. त्यांनी ती घडी घालून पर्समध्ये ठेवली आहे. सभा संपल्यावर, मंजूर झालेला मजकूर मसुद्याशी ताडून पाहून मगच उत्तर देईन, असे त्या म्हणाल्या आहेत.